चकमकीत मेलेला माणूस कुणाचं नाव घेत नाही

मुंबईत कुठे गोळीबार झाला की दोन दिवसांत तोच जुना वाद उकरून काढला जातो. एक बाजू म्हणते, नव्वदच्या दशकात चकमकफेम अधिकाऱ्यांनी टोळ्या मोडून काढल्या, आजही तोच इलाज आहे. दुसरी बाजू मानवाधिकारांचा दाखला देते. मग पहिली बाजू विचारते, टोळीनं मारलेल्या कॅसेट-उद्योजक गुलशनकुमारला मानवाधिकार नव्हते का? पुढे मुद्दे संपतात आणि नुसता आवाज चढतो. निवृत्त अधिकारी पॉडकास्टवर आपापला ‘स्कोअर’ सांगतात, खाली हजारो लोक सलाम ठोकतात, आणि शंका काढणारा गुंडांचा वकील ठरतो. या भांडणात दोन्हीकडचे लोक एक गोष्ट गृहीत धरून चालतात: चकमक परिणामकारक होती, प्रश्न फक्त ती नैतिक होती का, एवढाच. मला हे गृहीतकच मान्य नाही. चकमकींवरचा माझा मुख्य आक्षेप दयामायेचा नाही, तपासाचा आहे. मेलेला शूटर जबानी देत नाही. सुपारी कुणी दिली, पैसा कुठून आला, त्या खुनानं कुणाची जमीन मोकळी झाली, हे सगळं त्याच्याबरोबर शवागारात जातं. मुंबईच्या चकमकींनी टोळ्यांमधले खालचे हात तोडले. त्या हातांकडून काम करून घेणारे मात्र त्यामुळेच निर्धास्त झाले.

आता समोरच्यांचं म्हणणं. ते हलकं नाही आणि हलकं करून मांडण्यात अर्थही नाही. १९८३ मध्ये पठाण टोळीच्या अमीरजादा पठाणला भर न्यायालयात गोळ्या घातल्या गेल्या. १९९४ मध्ये टोळीप्रमुख अश्विन नाईकवर न्यायालयाच्या आवारात हल्ला झाला, हल्लेखोर वकिलाच्या वेषात आला होता. १२ सप्टेंबर १९९२ ला जे.जे. रुग्णालयाच्या वॉर्डात दाऊद टोळीचे लोक एके-४७ घेऊन घुसले. तिथे असलेल्या गवळी टोळीच्या शैलेश हळदणकरला तर मारलंच, पहाऱ्यावरचे दोन पोलीसही मारले. मे १९९४ मध्ये महालक्ष्मीला गिरणीमालक सुनीत खटाव, १९९५ मध्ये चेंबूरला बिल्डर ओमप्रकाश कुकरेजा, त्याच वर्षी वांद्र्यात ईस्ट-वेस्ट एअरलाइन्सचे तकियुद्दीन वाहिद, जानेवारी १९९७ मध्ये पवईत घराजवळच कामगार नेते डॉ. दत्ता सामंत, ऑगस्टमध्ये अंधेरीत देवळाबाहेर गुलशनकुमार, असे एकामागून एक मारले गेले. हॉटेलवाल्यापासून निर्मात्यापर्यंत कुणालाही दुबईहून, कराचीहून फोन यायचा, आकडा पेटीत किंवा खोक्यात सांगितला जायचा, आणि पोलिसांत गेलेल्या माणसाचं नाव पोलीस ठाण्यातूनच फुटेल ही भीती निराधार नव्हती. त्या काळात दुकानाचं शटर ओढताना मागे वळून बघणाऱ्या माणसाला ‘कायद्याचं राज्य’ हे शब्द थट्टेसारखे वाटले असतील, तर त्याला दोष देता येत नाही.

न्यायालयांचा हिशेब तर आणखी वाईट. गुलशनकुमार खटल्यात २००२ मध्ये सत्र न्यायालयानं १९ आरोपींपैकी एकाला दोषी धरलं, बाकीचे १८ सुटले. त्यातल्या आणखी एकाला दोषी ठरवायला उच्च न्यायालयात २०२१ उजाडलं. दत्ता सामंतांच्या खुनात छोटा राजन पुराव्याअभावी निर्दोष सुटला तो २०२३ मध्ये, म्हणजे खुनानंतर २६ वर्षांनी. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली, आणि शंभर दोषींच्या शिक्षा सुनावून व्हायला २००७ साल आलं. साक्षीदार फितूर होत, पंच ‘मला आठवत नाही’ म्हणत, आणि जामिनावर सुटलेला शूटर दुसऱ्या दिवशी त्याच चौकात चहा पीत उभा असे. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा मे १९९५ मध्ये संपला, तेव्हा पोलिसांच्या हातात टोळ्यांसाठी म्हणून वेगळा असा कायदाच उरला नाही. मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, आला फेब्रुवारी १९९९ मध्ये. मधल्या चार वर्षांत ‘ठोका’ ही मागणी समाजातूनच आली, ती पोलिसांनी एकट्यानं रचलेली नव्हती, हेही खरं.

एवढं सगळं मान्य करून मी विचारतो: या चकमकींतून हाती काय लागलं?

चकमकीचे कागद पाहिले की उत्तर दिसू लागतं. जवळजवळ प्रत्येक प्रकरणाची फिर्याद एकाच साच्यातली. खबऱ्याकडून टीप मिळाली, सापळा लावला, संशयिताला शरण यायला सांगितलं, त्यानं गोळीबार केला, पथकानं स्वसंरक्षणार्थ उत्तर दिलं, रुग्णालयात नेलं असता दाखलपूर्व मृत घोषित केलं. गुन्हा दाखल होतो तो मेलेल्यावर, पोलिसांच्या खुनाचा प्रयत्न केल्याचा, तेव्हाच्या दंडसंहितेचं कलम ३०७. फिर्यादी पोलीस, साक्षीदार पोलीस, तपास करणारेही पोलीस, आणि आरोपी शवागारात. आरोपीच हयात नाही म्हणून पुढे ‘अबेटेड समरी’ भरली जाते आणि फाईल बंद होते. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांत मेलेले सुमारे १३५ जण हा विषय उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २३ सप्टेंबर २०१४ ला त्या न्यायालयानं चकमकींच्या तपासाची १६ कलमी पद्धत घालून दिली. १३५ हा आकडा गुन्हेगारीचा खातमा म्हणून अभिमानानं सांगता येतो. मला तो वेगळा दिसतो. ही १३५ माणसं म्हणजे १३५ न नोंदवलेल्या जबान्या. त्यातले निम्मे जरी खरे शूटर असतील, तर कुकरेजांसारख्या खुनांमागचे पैसे कुणाचे, हे सांगू शकणारे किती लोक पोलिसांनी स्वतःच्या हातानं संपवले?

आणि टीप कोण देत होतं? टोळीतल्या माणसाचा ठावठिकाणा सगळ्यात आधी कळतो तो दुसऱ्या टोळीला. राजन आणि दाऊद वेगळे झाल्यावर, गवळी आणि नाईक एकमेकांच्या जिवावर उठल्यावर, प्रतिस्पर्ध्याचा पत्ता पोलिसांना पोचवणं हा आपला शूटर पाठवण्यापेक्षा स्वस्त मार्ग होता. बंदूक सरकारी, गोळी सरकारी, वर शाबासकी. या रचनेचं टोक कुठे जातं, ते लखनभैया प्रकरणात उघड झालं. ११ नोव्हेंबर २००६ ला राजन टोळीचा मानला जाणारा रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याचा एक मित्र, दोघांना वाशीतून उचललं. लखनभैयाचा भाऊ वकील. त्यानं दुपारीच पोलीस वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवून कळवलं, की माझ्या भावाला पोलिसांनी नेलं आहे. संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ ‘चकमक’ झाली. त्या तारांवर वेळ नोंदलेली होती, म्हणूनच पुढे खटला उभा राहू शकला. २०१३ मध्ये २१ जणांना जन्मठेप झाली, त्यांत १३ पोलीस. फिर्यादी पक्षाचं म्हणणं असं, की हा खून एका इस्टेट एजंटाच्या सांगण्यावरून झाला. म्हणजे जी सुपारी एरवी टोळीला दिली जायची, ती पथकाला दिली गेली. ज्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं सोडलं होतं, त्यालाही उच्च न्यायालयानं १९ मार्च २०२४ ला जन्मठेप दिली. ते प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि दुपारी सोबत उचललेला तो मित्र, जो मुख्य साक्षीदार होता? मार्च २०११ मध्ये साक्ष अगदी तोंडावर आली असताना तो बेपत्ता झाला, नंतर त्याचा जळालेला मृतदेह मनोरजवळ सापडला.

मग दुसरा रस्ता होता का? ‘हे सगळं पुस्तकी आहे, आमच्याकडे नसतं चालत’ असं म्हणणाऱ्यांनी इटलीतल्या सिसिली बेटाकडे, माफियाच्या माहेराकडे पाहावं. तिथे दोन्ही प्रयोग झाले आहेत. पहिला मुसोलिनीचा. १९२५ मध्ये त्यानं चेझारे मोरी याला तिथल्या पालेर्मो शहराचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारचा प्रमुख अधिकारी, नेमलं आणि हात मोकळे सोडले. जानेवारी १९२६ मध्ये मोरीनं गांजी या डोंगरी गावाला वेढा घातला, पाणी तोडलं, फरारी माणसांच्या बायकामुलांना ओलीस धरलं. धरपकड हजारोंनी झाली. मुसोलिनीनं संसदेत फुशारकी मारली. पण मोरीचा तपास खालच्या हाणामारी करणाऱ्यांवरून फॅसिस्ट पक्षाच्या वजनदार माणसांपर्यंत सरकू लागला, आणि १९२९ मध्ये त्याला निवृत्त करून टाकलं. १९४३ मध्ये दोस्त सैन्य उतरल्यावर माफिया जिथल्या तिथे हजर होता. ज्यांना मोरीनं चिरडलं ते माफियाचं मनुष्यबळ होतं. जमीन, ठेके, राजकारण यांतली मुळं शाबूत राहिली.

दुसरा प्रयोग न्यायाधीशांचा, आणि तो रक्तबंबाळ होता. १९८२ मध्ये माफियाविरोधी खासदार पिओ ला तोरे मारला गेला, त्याच वर्षी माफियाविरुद्ध पालेर्मोला पाठवलेला जनरल दाल्ला किएझा. २९ जुलै १९८३ ला तपास न्यायाधीश रोक्को किन्निची यांना कारबॉम्बनं उडवलं. मुंबईतल्या कुठल्याही पोलीस पथकाला सूड घ्यावासा वाटेल, यापेक्षा कितीतरी जास्त कारणं पालेर्मोपाशी होती. तिथल्या लोकांनी काय केलं? फाल्कोने, बोर्सेलिनो हे तपास न्यायाधीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गट करून सगळ्या फाईली सगळ्यांना माहीत असतील अशी व्यवस्था केली, म्हणजे एकाला मारून तपास मरणार नाही. फाल्कोने बँकांचे धनादेश गोळा करत बसला. ब्राझीलमध्ये पकडलेला माफियाचा माणूस तोमासो बुशेत्ता १९८४ मध्ये बोलायला लागला, आणि माफिया ही सैल मित्रमंडळी नसून तिला पायऱ्या आहेत, वर एक मंडळ आहे, हे पहिल्यांदा न्यायालयात सांगता येईल अशा रूपात नोंदलं गेलं. आरोपपत्र आठ हजारांहून जास्त पानांचं. ते लिहिताना जिवाला धोका म्हणून दोघा न्यायाधीशांना कुटुंबासकट असिनारा या तुरुंगाच्या बेटावर ठेवलं, आणि नंतर राहण्याखाण्याचं बिल त्यांनाच पाठवलं! (सरकार नावाची वस्तू सगळीकडे सारखीच.) १० फेब्रुवारी १९८६ ला तुरुंगाला लागून खास बांधलेल्या, बंकरसारख्या न्यायालयात ४७५ जणांवरचा खटला उभा राहिला. भिंतींना लागून पिंजरे, त्यात आरोपी, तुरुंगातून थेट आत येणारं भुयार. १६ डिसेंबर १९८७ ला निकाल लागला: तीनशेहून अधिक दोषी, १९ जन्मठेपा. ११४ जण सुटलेही, त्यांतला एक तासाभरातच घरी जाताना मारला गेला. मला या सुटलेल्या ११४ जणांचं महत्त्व दोषींइतकंच वाटतं, कारण चकमकीत कुणी निर्दोष सुटत नाही.

यावर हुकमी उत्तर येतं: फाल्कोनेचं काय झालं? २३ मे १९९२ ला पालेर्मोलगतच्या कापाचीजवळ महामार्गाखाली स्फोट करून त्याला, बायकोला आणि तीन अंगरक्षकांना मारलं, ५७ दिवसांनी बोर्सेलिनोलाही. कायद्यानं जाणाऱ्याचं हेच होतं, असं म्हणता येईल. पण क्रम नीट पाहा. ३० जानेवारी १९९२ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या महाखटल्यातल्या शिक्षा कायम केल्या, आणि त्यानंतर माफिया पिसाळला. अपिलात सगळं सुटेल हा भरवसा तुटला म्हणून बॉम्ब फुटले. जानेवारी १९९३ मध्ये माफियाचा म्होरक्या साल्वातोरे रीना पालेर्मोच्या रस्त्यावर जिवंत पकडला गेला आणि २०१७ मध्ये कैदेतच मेला. त्याहून महत्त्वाची गोष्ट बुशेत्ताची. १९८४ मध्ये तो राजकारण्यांबद्दल अवाक्षर बोलायला तयार नव्हता. फाल्कोने गेल्यावर, आठ वर्षांनी, त्यानं तोंड उघडलं. सात वेळा पंतप्रधान झालेल्या जूलिओ आंद्रेओत्तीवर खटला चालला आणि १९८० पर्यंत त्याचे माफियाशी संबंध होते, पण गुन्ह्याची मुदत टळून गेली आहे, असं अखेर न्यायालयांनी नोंदलं. शिक्षा झाली नाही, मान्य. तरी सांगा, बुशेत्ताला १९८४ मध्ये ‘स्वसंरक्षणार्थ’ उडवला असता तर १९९२ मध्ये कोण बोललं असतं?

न्यूयॉर्कचं थोडक्यात सांगतो. १९७० च्या रिको या अमेरिकेच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यानं सुटा खून सिद्ध करण्याऐवजी ‘धंदा’ सिद्ध करायची सोय केली. पोलिसांनी एका मोटारीच्या डॅशबोर्डमध्ये मायक्रोफोन बसवून टोळीप्रमुखाच्या गप्पा ऐकल्या. त्यातून कळलं, की वीस लाख डॉलरच्या वरच्या काँक्रीटच्या कामांवर टोळ्यांचं मंडळ दोन टक्के खातं. नोव्हेंबर १९८६ मध्ये या मंडळावरच्या खटल्यात आठही आरोपी दोषी ठरले, टोळीप्रमुखांना शंभर-शंभर वर्षं. पॉल कास्तेलानो हा टोळीप्रमुख त्या खटल्यातून निसटला तो एवढ्याचसाठी, की १६ डिसेंबर १९८५ ला त्याला त्याच्याच माणसांनी मॅनहॅटनच्या एका हॉटेलाबाहेर मारलं होतं. मोक्क्याचे शिल्पकार हा रिको कायदा डोळ्यांपुढे ठेवूनच बसले होते: टोळी हाच गुन्हा, फोन टॅपिंगला परवानगी, वरिष्ठ अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य.

इथे माझ्या बाजूचं दुखणंही उघडं करायला हवं. माफीचा साक्षीदार हा साधूसंत नसतो. न्यूयॉर्कचा टोळीप्रमुख जॉन गॉटी याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या, त्याच्याच टोळीतल्या ग्रॅव्हानोनं १९ खुनांतला सहभाग कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली पाच वर्षं. बाहेर येऊन तो अमली पदार्थांच्या धंद्यात परत सापडला. इटलीत टीव्हीवरचा लोकप्रिय निवेदक एन्झो तोर्तोरा याला कामोरा या नेपल्सच्या गुन्हेगारी संघटनेतून फुटलेल्यांच्या खोट्या जबान्यांवर १९८३ मध्ये अटक झाली, दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि अपिलात तो साफ निर्दोष ठरला. आपल्याकडे ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात मोक्क्याखालच्या कबुलीजबाबांवर फाशी-जन्मठेपा झाल्या, आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं ते कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत म्हणून सगळ्यांना सोडलं. तोही निकाल आता वरच्या न्यायालयापुढे आहे. कोठडीत मारून लिहून घेतलेला कबुलीजबाब ही कागदावरची चकमकच आहे, असं मी म्हणेन. पण तोर्तोराची चूक तीन वर्षांत उघडकीला आली, लोकलच्या खटल्यातली एकोणीस वर्षांनी का होईना बाहेर आली. दोन्हीकडे ती दाखवणारं न्यायालय होतं, वकील होता, जिवंत आरोपी होता. वर्सोव्यातली चूक उघड व्हायला मात्र मेलेल्याचा भाऊ वकील असावा लागला. ज्यांचा भाऊ वकील नव्हता, त्यांच्या फाईली कुठे आहेत?

‘पण टोळ्या संपल्या की नाही?’ संपल्या, निदान त्या रूपात. मात्र चकमकी जोरात होत्या त्याच सुमाराला बाकीही बरंच बदलत होतं. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये गेला, १९९२ पासून सोनं रीतसर आणता येऊ लागलं, आणि तस्करीचा पाया ढासळला. १९९८ मध्ये चित्रपटांना उद्योगाचा दर्जा मिळाला, हळूहळू बँकांचा पैसा येऊ लागला. मोक्क्यामुळे जामीन अवघड झाला. २००१ नंतर आखाती देशांनी आसरा आखडता घेतला. २००३ मध्ये दाऊदचा भाऊ इकबाल कासकर दुबईहून परत पाठवला गेला. यांतलं कशानं किती झालं, हे मोजणारा अभ्यास न करता श्रेय एकट्या पिस्तुलाला देणं म्हणजे कोंबड्यामुळे उजाडलं म्हणण्यासारखं आहे.

आणि जे संपलं नाही त्याचं काय? नव्वदच्या दशकातल्या खुनांची यादी पुन्हा वाचा: गिरणीमालक, बिल्डर, कामगार नेता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली, आणि मध्य मुंबईत कापसाच्या भावापेक्षा चौरस फुटाचा भाव बोलू लागला. खटावांची भायखळ्याची गिरणी हलवून जमीन मोकळी करण्याचा घाट घातला जात होता तो याच काळात. त्या जमिनींवर आज मनोरे आहेत. घोडा ओढणारे कोण होते, हे आपल्याला साधारण माहीत आहे. त्या खुनांनी कुणाचे व्यवहार सुकर झाले, हे कुठल्या न्यायालयापुढे कितीसं आलं? गुन्हेगार, अधिकारी आणि राजकारणी यांच्या साखळीवरचा व्होरा समितीचा अहवाल ऑक्टोबर १९९३ मध्ये तयार झाला, १९९५ मध्ये संसदेत ठेवला तेव्हा जेमतेम डझनभर पानं निघाली, आणि त्यामागची कागदपत्रं कधीच बाहेर आली नाहीत. कागद दडवलेले, माणसं मारलेली. मग ही साखळी सिद्ध कशावरून करणार होतो आपण?

१२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दिकींचा खून झाला, तेव्हा ‘जुने स्पेशालिस्ट परत आणा’ अशी हाकाटी झाली. त्या रात्री प्रत्यक्षात घडलं ते असं, की बंदोबस्तावरच्या पोलिसांनी दोन हल्लेखोर तिथल्या तिथे जिवंत पकडले. त्यांच्यापासून धागा निघाला आणि जानेवारी २०२५ मध्ये २६ जणांविरुद्ध मोक्क्याखाली आरोपपत्र दाखल झालं. त्या दोघांना तिथेच ठोकलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. उरलेल्या चोवीस जणांपर्यंत पोलीस कुणाच्या बोलण्यावरून पोचले असते?

हा खटला टिकेल की नाही, हे साक्षीदारांवर ठरेल, आणि तिथेच आपण कच्चे आहोत. राज्यात साक्षीदार संरक्षणाचा २०१७ चा कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये देशभरासाठी योजना मान्य केली आहे. बुशेत्ताला अमेरिकेत नवी ओळख, नवं घर आणि वर्षानुवर्षांचा पहारा मिळाला होता, कारण कुणीतरी त्याचा खर्च मंजूर केला होता. मनोरजवळ सापडलेल्या त्या साक्षीदाराला यातलं काहीच मिळालं नव्हतं. चकमकीची मागणी करणारे लोक मी चिक्कार ऐकले. साक्षीदाराचं घर बदलायला, त्याच्या मुलांची शाळा बदलायला, त्याची बुडालेली रोजी भरून द्यायला राज्याच्या अर्थसंकल्पात किती तरतूद आहे आणि त्यातली किती खर्च झाली, हे विचारणारा त्यांच्यातला एकही अजून भेटायचा आहे.